दोन्ही मसुदे माझेच

आमच्या समाजात प्रत्येक मंडळाला एक लिहिणारा लागतो. निवेदन असो, ठराव असो, शोकसंदेश असो की पाणी येत नाही म्हणून महापालिकेला पाठवायचं पत्र असो, मजकूर एकाचा आणि सही दुसऱ्याची. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत तीस वर्षं तो लिहिणारा मी होतो. सरकारी कचेरीत टिपण्या लिहिण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे हात तयार होता. माझ्या मजकुरावर तीन अध्यक्षांनी आणि एका नगरसेवकाने सह्या केल्या. सही करण्याआधी त्यांतल्या एकानेही तो वाचला असेल असं मला वाटत नाही. याबद्दल मला उगाच अभिमान वाटायचा. मला सगळे 'सर' म्हणतात. मी आयुष्यात कोणाला काही शिकवलेलं नाही.

त्या सगळ्या कागदांपैकी दोन कागदांबद्दल मला आता सांगायचं आहे. एक पत्र होतं, माझ्या मित्राच्या सहीने वर्तमानपत्रात छापून आलेलं. दुसरा त्या पत्राबद्दल त्याला समाजातून बाहेर काढणारा ठराव होता. पत्र मी लिहिलं होतं हे पंचवीसहून अधिक वर्षं तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यांतला एक, म्हणजे तो स्वतः, मागच्या वर्षी वारला.

आम्ही दोघे भवानी पेठेतल्या एका चाळीतले. आमच्या आयांनी एकाच दिवशी देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले, तेव्हा आम्ही पहिलीत असू. पुढे मी बी.ए. झालो, सवलतीच्या जागेवर नोकरीला लागलो, खात्याच्या परीक्षा देत अधिकारी झालो. तो मॅट्रिकनंतर आयटीआयला गेला आणि पिंपरीकडच्या एका कारखान्यात फिटर झाला. सोसायटीचा प्लॉट घेतला तेव्हा मीच त्याला ओढून आणलं. अठ्ठावीस घरं. बँकवाले, सरकारी अधिकारी, दोन प्राध्यापक आणि चार कामगार. कामगारांची घरं मागच्या गल्लीत आली. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तरी कशी कोण जाणे, मागच्याच गल्लीत आली.

सकाळी तो कंपनीच्या बससाठी स्वारगेटला उभा राहायचा आणि मी पीएमटीसाठी. ती वीस-पंचवीस मिनिटं माझ्या भाषणाची. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. बिबवेवाडीत दर दोन इमारतींमागे एका गॅलरीत कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती. आमच्या अधिकाऱ्यांच्या घरी मारुती आली होती, मुलं इंग्रजी शाळांत होती, आणि सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या वस्तीतली आमचीच पोरं आठवीत शाळा सोडून कचऱ्याच्या गाडीवर जात होती. मी त्याला म्हणायचो, "सवलतीची रांग एकच आहे. तिच्यात माझा पोरगा आणि त्या वस्तीतला पोरगा एकामागे एक उभे केले तर पुढे कोण असणार? आपण ताटावरून उठायला पाहिजे. निदान ज्यांच्या दोन पिढ्या जेवल्या त्यांनी तरी."

हे मत तेव्हा आमच्यात कोणी उच्चारत नव्हतं. मी ते फक्त स्वारगेटला उच्चारायचो.

"मग बोल की हे मीटिंगमध्ये," तो म्हणाला.

"बोलून काय होतंय? लेखी पाहिजे. पेपरात आलं पाहिजे."

"मग लिही."

"मी सरकारी नोकर. पेपरात लिहायचं तर परवानगी लागते."

"माग."

"देणार नाहीत."

"मागितलीस का?"

मी बस आली का ते बघायला लागलो.

"आण लिहून," तो म्हणाला. "मी करतो सही. माझ्या मालकाला माझी मतं कळली तर तो काय करणार, स्पॅनर काढून घेणार?"

मी दोन दिवसांत मसुदा केला. फार सुरेख झाला होता, हे आजही कबूल करतो. शेवटाला काही नेमकं सुचेना, तेव्हा मी लिहिलं: 'याची सुरुवात मी माझ्या घरापासून करीत आहे. माझी मुलगी यंदा बारावीला आहे. तिचा प्रवेश अर्ज खुल्या वर्गातून भरला जाईल.' माझा मुलगाही त्याच वर्षी बारावीला होता. पण पत्र त्याच्या नावाचं, म्हणून मुलगी त्याची.

त्याने स्टँडवरच कागद वाचला. शेवटापाशी थांबला.

"हे घर कुणाचं धरलंस तू?"

"सही तुझी, म्हणजे घर तुझं. तसं नाही लिहिलं तर पत्राला जोर येत नाही."

तो जरा वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. फिटर माणूस, माप घेतल्यासारखा बघायचा. मग म्हणाला, "बरं. लिहिलं की करावं लागणार." घरी जाऊन त्याने स्वतःच्या अक्षरात पत्र उतरवलं आणि पाठवलं. मी 'करावं लागणार' हे ऐकलं आणि त्यावर विचार केला नाही. आम्ही लिहिणारे लोक. करणं हे आमच्या कामात बसत नाही.

पत्र छापून आलं त्या दिवशी माझ्या कचेरीतल्या हेडक्लार्कने ते कापून टाचणीने नोटीस बोर्डावर लावलं.

"अहो साहेब, हे तुमच्याच सोसायटीतले दिसतात. किती समंजस गृहस्थ! तुमच्यात असेही असतात म्हणजे."

"असतात," मी म्हणालो.

"तुमच्यातले सगळे असे झाले तर प्रश्नच मिटला की हो."

या गृहस्थांनी स्वतःच्या चिरंजीवांना साताऱ्याकडच्या एका कॉलेजात देणगी भरून इंजिनिअर करायला पाठवलं होतं, आणि दर सोमवारी ते गुणवत्तेवर बोलत. त्यांच्या तोंडून पत्राची स्तुती ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की आम्ही काय केलं आहे. पत्र आमच्या लोकांसाठी लिहिलं होतं आणि आनंद यांना झाला होता. मी बोर्डावरचं कात्रण काढायला हवं होतं. मी त्या दिवशी बोर्डाच्या बाजूने गेलोच नाही.

सोसायटीत तर आग लागली. रविवारी वंदनेनंतर विहाराच्या हॉलमध्ये सभा बोलावली. आदल्या संध्याकाळी मी मागच्या गल्लीत त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा टाकला. मुलगी आतल्या खोलीत पाठ करत होती, तिचा आवाज येत होता. मी हळूच म्हणालो, "माझ्या अक्षरातला तो कागद आहे का रे तुझ्याकडे?"

त्याने कपाटातून कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"ने. मला पाठ झालाय."

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. मी चहा प्यायलो. तोही गोड लागला, हे सांगायला हवं. सोमवारी कचेरीत जाताना तो कागद फाडून मी स्वारगेटच्या नाल्यात टाकला.

पण त्याआधी सभा झाली. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, कोंढव्यात दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने दिलेला. ते उभे राहिले.

"आपले बाप गावकुसाबाहेर मेले. आपण नुकते कुठे ताटावर बसलोय, आणि हा माणूस पेपरातून ओरडतो, उठा! कोणाच्या सांगण्यावरून? कोणाचा पोपट आहे हा?"

हा मुद्दा साधा नव्हता. मला तो अजूनही पूर्ण खोडता येत नाही. पण ताटाची काळजी करणाऱ्या त्या अठ्ठावीस घरांतल्या कोणी भिंतीपलीकडच्या वस्तीत एकदा जाऊन एखाद्या पोराचा शाळेतला फॉर्म भरून दिला असता, तर मी त्या भाषणाला मान दिला असता. आमच्या प्राध्यापकांना त्या वस्तीचा वास यायचा म्हणून त्यांनी त्या बाजूच्या खिडक्यांना काचा बसवून घेतल्या होत्या. तेच प्राध्यापक त्या दिवशी 'तळागाळातला माणूस' असं चारदा म्हणाले.

"दलाल आहे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"फिटरला एवढं मराठी येतं का?" दुसऱ्याने विचारलं. "कोणी लिहून दिलं, ते विचारा त्याला!"

माझा मित्र तिसऱ्या ओळीत, पांढऱ्या शर्टात, हात मांडीवर ठेवून बसला होता. तो उठला.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "पत्राखाली मी दुसरं नाव लिहिलेलं नाही. मला बोला."

एवढं बोलून तो खाली बसला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. त्या हॉलमध्ये सगळे शिकलेले होते. त्या पत्रात 'सबब' होतं, 'उपरोक्त' होतं, 'विनाविलंब' होतं, आणि दर महिन्याला माझ्या हातचे ठराव ऐकणाऱ्या एकालाही ते ओळखू आलं नाही. किंवा आलं असेल. आमच्यात लिहिणाऱ्याला विचारण्याची पद्धत नाही.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "सर, ठराव घ्या लिहून. बहिष्कार म्हणून."

इथे मी तोंड उघडलं. त्या दिवशी मी बोललो ते एवढंच: "'बहिष्कार' हा शब्द नको. कायद्याने अडचण होईल. 'समाजाच्या कोणत्याही कार्यक्रमात सहभागी करून घेण्यात येऊ नये' असं घेऊ."

सगळ्यांना ते पटलं. सर किती बारीक विचार करतात, असंही कोणी म्हणालं. मी लिहिलं, वाचून दाखवलं, आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर' म्हणालो.

"सर्वानुमते कसं?" तो बसल्या जागेवरून म्हणाला. "मी विरोधात आहे."

"सर्वानुमतेच लिहा," अध्यक्ष म्हणाले. मी लिहिलं.

ज्यांच्या आजोबांना गावाने विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांना बहिष्कार कसा घालायचा हे कोणी शिकवावं लागत नाही. आम्ही तो फार नीटनेटका घातला. वैशाख पौर्णिमेला आमच्याकडे खिरीची बादली घेऊन पोरं दारोदार जातात. त्या वर्षी मागच्या गल्लीत पहिलं दार झालं, दुसरं झालं, तिसरं सोडून पोरं चौथ्याकडे गेली. तिसऱ्या दारात वहिनी पातेलं घेऊन उभ्या होत्या. मी कोपऱ्यावर उभा राहून बघत होतो. त्या थोडा वेळ थांबल्या, पातेलं पालथं करून उंबऱ्यावर ठेवलं आणि आत गेल्या. पुढच्या वर्षी त्या दारात आल्या नाहीत.

जूनमध्ये निकाल लागला. त्याच्या मुलीला माझ्या मुलापेक्षा नऊ गुण जास्त होते. तिच्या जातीचा दाखला दोन वर्षांपूर्वी मीच कचेरीत खेटे घालून काढून दिला होता. तो दाखला त्याच्या ट्रंकेत होता.

प्रवेशाचे अर्ज घ्यायच्या दिवशी मी मुलाला घेऊन गेलो. आवारात दोन खिडक्या होत्या. खुल्या वर्गाच्या खिडकीसमोर रांग फाटकापर्यंत गेली होती, आणि तिच्यात तो मुलीबरोबर उभा होता. मला वाटलं होतं, इतका अपमान झाल्यावर तो पत्र विसरेल. कोणीही विसरला असता. मी तर ज्या दिवशी लिहिलं त्याच दिवशी विसरलो होतो. मी मुलाला घेऊन दुसऱ्या खिडकीशी उभा राहिलो. माझ्या पुढे चार जण होते.

तो पलीकडून म्हणाला, "तुझी रांग लवकर सरकतेय."

आवाजात राग नव्हता. 'पाऊस पडेल असं वाटतं' म्हणावं, अशा आवाजात पुण्यात लोक भयंकर गोष्टी बोलतात. त्याची मुलगी माझ्या मुलाच्या हातातल्या अर्जाकडे बघत होती. दाखला वर टाचलेला होता. माझ्या मुलाने अर्ज उलटा धरला.

माझ्या मुलाला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं. पुढे हिंजवडी, पुढे अमेरिका. तिथून तो आता घरच्या ग्रुपवर संदेश पाठवतो की जातपात राहिलीच कुठे, सगळं डोक्यात असतं. मी त्याला उत्तर देत नाही. कोणत्या तोंडाने देणार?

तिला खुल्या वर्गातून परवडेल असं इंजिनिअरिंग कुठे मिळालं नाही. तिने कॉम्प्युटरमध्ये बी.एस्सी. केलं. त्यानंतर दोन वर्षांनी तिच्या बापाच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती आणली; त्यात स्वेच्छा कोणाची, ते सगळ्यांना माहीत होतं. तो घरोघरी पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागला. आमच्या सोसायटीचाही पंप बिघडायचा, पण आम्ही सहकारनगरहून माणूस बोलवायचो. ठराव होता ना.

मुलगी हळूहळू वर गेली. आज खराडीत एका कंपनीत तिच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. हे मी शेवट गोड करायला सांगत नाही. चार वर्षांत मिळालं असतं ते तिला बारा वर्षांत मिळालं, आणि वरची आठ वर्षं मी एका ओळीसाठी खर्च केली होती.

मागच्या वर्षी तो गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये झाला. जुने अध्यक्ष केव्हाच वारले, त्यांचा मुलगा आता सेक्रेटरी आहे. ठराव कपाटात कुठे आहे हेही त्याला माहीत नसणार. आमच्यात मेलेल्या माणसावर सगळ्यांना बोलायचं असतं. माइक एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि जेवण थंड होतं. तेरा जण बोलले. कोणी त्याला परखड म्हटलं, कोणी काळाच्या पुढचा म्हटलं. खिडक्यांना काचा बसवून घेतलेल्या प्राध्यापकांनी त्याला 'समाजाचा आरसा' म्हटलं. मला ओकारी आली असती, पण मीही पांढरे कपडे घालून पहिल्या ओळीत बसलो होतो. माइक अजून माझ्या हातात आला नव्हता, इतकाच त्यांच्यात आणि माझ्यात फरक.

माइक माझ्याकडे आला. मी उभा राहिलो आणि सांगितलं. पत्र मी लिहिलं, त्याने फक्त सही केली, मसुदा मी परत मागून घेतला आणि फाडला, आणि ठरावही मीच लिहिला. पाचसहा वाक्यं होती.

मी बसलो. मग सेक्रेटरीने माइक घेतला.

"सरांचं मन किती मोठं आहे बघा," तो म्हणाला. "आपल्या मित्रावरचा ठपकासुद्धा सरांनी आज स्वतःवर घेतला. अशी मैत्री आता बघायला मिळत नाही."

दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. शेजारच्याने माझा हात दाबला. मी म्हणालो, "अहो, खरं आहे ते." तो म्हणाला, "असं कसं सर, आम्ही ओळखतो ना तुम्हाला." कागद नाल्यात गेलेला, साक्षीदार गेलेला, आणि इभ्रत तेवढी शाबूत. त्या हॉलने मला दुसऱ्यांदा सोडून दिलं.

जेवणाच्या पंगतीपाशी वहिनी बसल्या होत्या. मी जवळ गेलो.

"वहिनी..."

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "माइक तेव्हाही होता या हॉलमध्ये."

त्यांची मुलगी ताटं देत होती, ती थांबली.

"काका, एक विचारू? त्या लेटरमध्ये माझ्याबद्दल होतं ते. मुलीचा अर्ज खुल्यातून भरणार. ते बाबांनी तुम्हाला लिहायला सांगितलं होतं?"

"नाही. ते माझंच."

"शुअर?"

"त्याने विचारलंही होतं, हे घर कुणाचं म्हणून."

तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"बाबा मला म्हणाले होते की ते वाक्य त्यांचं आहे. मी विचारलं होतं, मला न विचारता का लिहिलंत? तर म्हणाले, माझं मत आहे, मी लिहिलं. दोन वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते, काका. एकाच घरात. आईमार्फत निरोप द्यायचे."

मला हे माहीत नव्हतं. समाजाचे बोल त्याने माझ्यासाठी ऐकून घेतले, हे माहीत होतं. घरातलेही घेतले, हे मला सत्तरी ओलांडल्यावर ताटं वाटण्याच्या जागी कळलं.

"मी काय करू आता?" मी विचारलं.

"लिहून द्या," वहिनी म्हणाल्या. "तेवढंच येतं तुम्हाला. पण सही तुमची."

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं. साधं, 'सबब' न घालता. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख आणि सही. आयुष्यात स्वतःच्या मजकुराखाली मी केलेली ती पहिली सही असावी. एक प्रत त्यांना दिली. दुसरी सेक्रेटरीला दिली, ठरावाच्या फाइलला लावायला. त्याने विचारलं, "सर, हे आत्ता कशाला?" आणि न वाचता पोच दिली. आमची परंपरा त्याने राखली.

ते मत मला अजूनही पटतं का, असं कोणी विचारील. निम्मं पटतं. उरलेलं निम्मं मी कधी स्वतःच्या मुलावर करून पाहिलं नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही.

हे सविस्तर लिहायचं ठरवलं तेव्हा मी खराडीला तिच्या घरी जाऊन परवानगी मागितली. ती म्हणाली, "लिहा. पण नावं नकोत. एकदा न विचारता मला पेपरात छापलंत, बास झालं." लिहून झाल्यावर मी तिला हा सगळा मजकूर वाचायला दिला. तिने तो सबंध वाचला, पेन मागितलं आणि तिच्याबद्दलचं एक वाक्य खोडलं. चांगलं वाक्य होतं. ते इथे नाही.